सुरक्षित ताबा

रेग्यांचे वडील गेले, असं मी अर्ध्या बिल्डिंगला सांगून मोकळा झालो होतो. त्यात माझी चूक होतीच, पण थोडी लिफ्टचीही होती.

शारजातल्या अल मजाजमधल्या आमच्या टॉवरमध्ये रेगे बाराव्या मजल्यावर आणि आम्ही चौदाव्या. २००९ सालच्या सुरुवातीची गोष्ट. संध्याकाळी लिफ्टमध्ये रेगे भेटले. चेहरा पडलेला. मी विचारलं, "काय रेगे, ठीक ना सगळं?" ते म्हणाले, "वडील गेले." तेवढ्यात बारावा मजला आला, दार उघडलं, रेगे बाहेर, दार बंद, आणि मी सांत्वनाचं पहिलं वाक्य तोंडात धरून चौदाव्यावर.

दुःखाच्या घरी शेजाऱ्यांनी पिठलं-भात न्यायचा, ही रीत आम्ही वाळवंटातही सोडलेली नाही. माधवीने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, लगेच बेसन काढलं. तोवर मी तीन-चार घरी फोन केले. मग दोघं साधे कपडे घालून, डबा घेऊन खाली गेलो. रेगे सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसले होते. मी शेजारी बसलो, आवाज खाली आणला.

"वय काय होतं?"

"अडुसष्ट."

"म्हणजे तसं फार नाही."

"त्यांच्याकडे नियमच आहे. अडुसष्टला जावंच लागतं."

माधवीने माझ्याकडे पाहिलं. मी घोडं पुढे दामटलं. "तुम्हाला कळलं कधी?"

"आज सकाळी. त्यांचीच ईमेल आली."

"कुणाची?"

"वडिलांची. आता दुसरे बघायला हवेत. एक आहेत नजरेत, पण तेही फार दिवसांचे नाहीत."

एवढ्यात रेगेवहिनी आतून आल्या, डबा उघडून पाहिला आणि म्हणाल्या, "अगबाई, पिठलं? कोण गेलं?"

तेव्हा उलगडा झाला. जर्मनीत पीएचडीच्या मार्गदर्शकाला 'डोक्टोरफाटर' म्हणतात. डॉक्टर-वडील. रेग्यांना जर्मनीतून कायद्याची डॉक्टरेट करायची होती आणि त्यांनी वर्षभर पत्रव्यवहार करून जमवलेले प्रोफेसर निवृत्त झाले होते. खरे वडील ठाण्याला होते आणि नव्वदीच्या घरात असून रोज बाजारात जाऊन भाजीवाल्याशी भांडत होते. पुढचे दोन दिवस रेग्यांना शोकसंदेश येत राहिले. त्यांनी प्रत्येकाला सविस्तर खुलासा पाठवला. पिठलं मात्र त्यांनी तिथल्या तिथे खाल्लं आणि म्हणाले, "वहिनी, पूर्ण समाधानकारक."

माधवी घरी आल्यावर म्हणाली, "समाधानकारक? मी काय शाळेच्या तपासणीला दिलं होतं?"

तिला ते नंतर कळलं. जर्मनीत कायद्याच्या परीक्षेत 'चांगला' हा शेरा इतक्या थोड्यांना मिळतो, की 'पूर्ण समाधानकारक' मिळालं तरी पोरं पेढे वाटतील. डॉक्टरेटच्या प्रवेशाची पहिली अट तीच. आपल्या पदवीचे गुण त्यांच्या मापाने निदान पूर्ण समाधानकारक भरले पाहिजेत. रेग्यांना मुंबईच्या एलएलबीला अठ्ठावन्न टक्के होते. "पाटणकर, आमच्या वर्षी साठ कुणालाच नव्हते," हे ते मला भेटतील तेव्हा सांगत, जणू प्रवेश समितीत मीच बसलोय. ते त्या जर्मनांना पटवायला त्यांनी विद्यापीठाकडून आपण दुसरे आलो होतो असा दाखला मिळवला. मुंबईत राहणाऱ्या मेव्हण्याला त्या दाखल्यासाठी इतक्या खेपा पडल्या, की त्याने पुढे राखीची ओवाळणी पाठवायचं बंद केलं.

शशिकांत रेगे हे एका बांधकाम कंपनीत कायदा विभागाचे मॅनेजर. वय सत्तेचाळीस. उंच, किंचित वाकलेले, आणि छापलेलं काहीही वाचल्याशिवाय पुढे न जाणारे. पार्किंगच्या दोन दिरहमच्या चिठ्ठीमागच्या अटी वाचणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. शारजातून दुबईला जाताना रोज दीड-दीड तास गाड्या तुंबलेल्या असायच्या, त्यात आम्ही बाकीचे हॉर्न वाजवायचो. रेगे गाडीत सीडी लावून जर्मन शिकायचे. खिडकी बंद, ओठ हलताहेत. शेजारच्या गाडीतल्यांना वाटे, साहेब जप करताहेत. एका विद्यापीठाने लॅटिनही मागितलं होतं. त्यांना रेग्यांनी, संस्कृत चालेल का, असं खरोखरच लिहून विचारलं. उत्तर आलं, नाही. "पण विचार करून आलं," ते समाधानाने म्हणाले, "तीन आठवडे लागले त्यांना."

या वयात हे कशाला, असं आम्ही सगळेच विचारायचो. त्यांचा विषय होता कराराचा पाया. दोन माणसं करार करतात ते काहीतरी गृहीत धरून. उद्या ते गृहीतच कोसळलं तर? इंग्रजी कायदा म्हणतो, फार तर करार संपला, आपापल्या घरी जा. जर्मन कायदा म्हणतो, थांबा, दोघांनी बसून करार नव्या परिस्थितीला बेतून घ्या, तोटा वाटून घ्या. हा विचार तिथे पैशाची किंमत कागदाएवढी झाली त्या काळात रुजला, असं ते सांगत. इथल्या कायद्यातही तसं कलम आहे, पण कुणी वापरत नाही, हे त्यांचं दुःख. ते वापरता यावं म्हणून त्यांना प्रबंध लिहायचा होता.

या सिद्धांताचा पहिला प्रयोग आमच्यावर झाला. २००८ च्या दिवाळीत आमच्या मराठी मंडळाचा प्रायोजक, एक बिल्डर, आयत्या वेळी गायब झाला. दुबईत करामामधल्या एका बाईंकडे फराळाची ऑर्डर दिलेली. मंडळ म्हणे ऑर्डर रद्द, बाई म्हणे मी भाजणी भाजून बसलेय. प्रकरण रेग्यांकडे गेलं. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, पाया कोसळला असल्याचं जाहीर केलं आणि तोटा निम्मा-निम्मा केला. त्या वर्षी प्रत्येक घराला अडीच चकल्या आल्या. अर्धी चकली हातात धरून आम्ही जर्मन कायद्याला शिव्या घातल्या. बाई मात्र पुढची सगळी वर्षं रेग्यांना लाडू पाठवत राहिल्या.

तेव्हा आम्हाला ही सगळी गंमत वाटत होती. मग गंमत संपायला लागली. क्रेन थांबल्या. शेजारच्या घरांतून सोफे, फ्रिज, मुलांच्या सायकली विकायच्या चिठ्ठ्या सुपरमार्केटच्या फळ्यावर लागल्या. शाळेच्या बसमध्ये जागा रिकाम्या दिसू लागल्या. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि व्हिसा गेला की महिन्याभरात घर, शाळा, देश, सगळं सोडायचं. माझी कंपनी खाद्यतेलाची होती, म्हणून मी वाचलो. माणसं घर विकत घेईनात, पण पुऱ्या तळत होती.

रेग्यांच्या कंपनीत मिटिंग झाली. तिसरा हिस्सा माणसं काढायची, पत्रं कायदा विभागाने तयार करावीत. रेग्यांनी उठून सांगितलं, काढू नका, सगळ्यांचेच पगार कमी करा, माझ्यापासून सुरुवात करा. पाया कोसळलाय, तोटा वाटून घेऊ. मालक म्हणाले, "रेगे, हबीबी, धिस इज दुबई. जर्मनी नाही. खलास." ती पत्रं रेग्यांनी लिहिली. एक वाक्य मात्र त्यांनी हट्टाने घालून घेतलं, की ज्यांची मुलं बोर्डाच्या वर्गात आहेत त्यांचा व्हिसा परीक्षेपर्यंत रद्द करू नये. त्यांची स्वतःची मुलगी ईरा तेव्हा दुबईत ऊद मेथाच्या शाळेत बारावीला होती, पण त्यांची नोकरी तेव्हा शाबूत होती. ते वाक्य त्यांनी स्वतःसाठी लिहिलं नव्हतं, हे मी मुद्दाम सांगतो. कारण लोक तसं बोलले.

ईराची परीक्षा झाली आणि मे महिन्यात एका सकाळी मालक देशात नव्हते. कुठे गेले ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन दिवसांनी घेणेकऱ्यांच्या अर्जावरून कोर्टाचे लोक आले आणि ऑफिसच्या दाराला सील लावून गेले.

त्याच आठवड्यात रेग्यांना नवे डॉक्टर-वडील मिळाले. हे प्रोफेसरही शरद ऋतूत निवृत्त होणार होते, पण तिथला नियम असा, की निवृत्तीआधी घेतलेला विद्यार्थी पुढे सांभाळता येतो, नवा घेता येत नाही. त्यांनी लिहिलं, तुमचा विषय आत्ताच लिहिला जायला हवा, तुम्ही माझे शेवटचे विद्यार्थी. भाषेची परीक्षा रेगे पास झाले होते. गुणांचं जमलं होतं. विद्यापीठाने एका ठिकाणी अर्धवेळ काम देऊ केलं होतं, त्यावर कसंबसं निभणार होतं. एकच अट राहिली. पदवीच्या प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत पंधरा जुलैच्या आत पोचली पाहिजे, आणि ती जर्मन वकिलातीत मूळ प्रमाणपत्र समोर ठेवून करून घ्यायची.

मूळ प्रमाणपत्र सील केलेल्या ऑफिसात होतं.

आखातात नोकरी केलेल्यांना यात नवल वाटणार नाही. व्हिसाच्या कामासाठी कंपनी पासपोर्ट आणि पदवी घेते आणि मग ती कंपनीच्या कपाटातच राहते. सगळ्यांना माहीत असतं की हे बरोबर नाही, सगळेच देतात. रेग्यांच्या कंपनीत त्यासाठी करारात एक कलम होतं. 'कर्मचाऱ्याची मूळ कागदपत्रं अंतिम हिशेब होईपर्यंत कंपनीच्या सुरक्षित ताब्यात राहतील.' ते कलम आठ वर्षांपूर्वी रेग्यांनीच लिहिलं होतं. जुन्या करारात नुसतं 'ताब्यात' होतं. 'सुरक्षित' हा शब्द त्यांनी घातला.

"वाक्य लंगडं वाटत होतं," ते मला म्हणाले.

मी सुचवलं की सरळ मुंबईला अर्ज करून दुसरी प्रत मागवा, प्रमाणपत्र हरवलं म्हणून. त्यासाठी हरवल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं.

"पण ते हरवलेलं नाही, पाटणकर. कुठल्या कपाटाच्या कुठल्या कप्प्यात आहे ते मला माहीत आहे. हरवणं वेगळं, बंद असणं वेगळं."

"अहो, कोण बघायला येतंय?"

"मी कायद्यात डॉक्टरेट करायला निघालोय," ते म्हणाले, "आणि सुरुवात खोट्या प्रतिज्ञापत्राने करू?"

मी आजवर जी प्रतिज्ञापत्रं केली आहेत त्यांची मला एकदम आठवण झाली.

जून उजाडला. रेग्यांची गाडी विकली गेली होती, म्हणून रजेच्या दिवशी किंवा लवकर सुटलो तर मी त्यांना सोडायला-आणायला जाई. कोर्टाच्या खिडकीवर रोज एकच उत्तर मिळे, "बुक्रा, इन्शाल्ला." म्हणजे उद्या, देवाची इच्छा असेल तर. उद्या गेलं की परत बुक्रा. एके दिवशी इद्रिस भेटला. कंपनीची सरकारी कामं करणारा सुदानी माणूस, हुशार आणि मनाचा बरा. त्याने रेग्यांना बाजूला घेतलं, हिंदीत म्हणाला, "साब, पैसा लेनेवालों का वकील बोला है, एक आदमी, एक फाइल. पाच मिनिट अंदर जाने देगा. आप जाओ, अपना सामान लेके आ जाओ. यल्ला."

"और बाकी लोग?"

"बाकी का बाद में देखेंगे."

"कितने लोग हैं मालूम है?"

"साब, एक आदमी बोला है."

त्या संध्याकाळी मी आणि माधवी त्यांच्याकडे होतो. वहिनींनी ऐकलं आणि हातातली ताटली आपटली. "उद्याच्या उद्या जा. एकदा तरी स्वतःसाठी काहीतरी करा."

ईरा मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली, "बाबा, जस्ट टेक इट. नोबडी विल माइंड."

रेगे म्हणाले, "चाळीस माणसांनी माझ्या टेबलावर त्या कलमाखाली सही केलीय. प्रत्येकाने विचारलं होतं, सर, पासपोर्ट का ठेवायचा? आणि प्रत्येकाला मी सांगितलं, काळजी करू नका, मी आहे ना."

"मग?" वहिनी.

"मग मी एकटाच कसा आत जाऊ?"

"पायांनी!" वहिनी ओरडल्या. "पायांनी जायचं, कपाट उघडायचं, आपलं घ्यायचं. जग असंच करतं. त्या चाळिसांतला एक तरी तुमच्यासाठी थांबला असता का?"

"माहीत नाही," रेगे म्हणाले. "त्यांनी कलम लिहिलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांच्या वतीने एकच अर्ज करायला घेतला. प्रत्येकाची सही, प्रत्येकाच्या कागदांचं अरबी भाषांतर. कुणी लांब मोहम्मद बिन झायद सिटीत भावाकडे जाऊन राहिलेला, कुणी मजुरांच्या कॅम्पमध्ये. ते सगळ्यांना गाठत फिरले. त्यांची रिसेप्शनिस्ट मारिसेल, फिलिपिनो मुलगी, सहीला आली तेव्हा रडत होती. तिची आई तिकडे आजारी होती. "सर, हाउ मेनी डेज?" रेग्यांनी तिला आकडा सांगितला नाही. "आय ॲम हिअर," एवढंच म्हणाले, आणि म्हणता म्हणता थांबले. त्यांना स्वतःचंच जुनं वाक्य ऐकू आलं असावं.

मोठ्या अर्जाला मोठा वेळ लागतो. एका नावाचं स्पेलिंग चुकलं म्हणून तो एकदा परत आला. पंधरा जुलै आला. त्या दिवशी रेग्यांनी प्रोफेसरांना लिहिलं की प्रत येऊ शकत नाही, थोडी मुदत मिळेल का. उत्तर सभ्य होतं, मोठं होतं, आणि त्यात 'दुर्दैवाने' हा शब्द तीनदा होता. अट विद्यापीठाची, ती बदलणं त्यांच्या हातात नव्हतं. शेवटी त्यांनी लिहिलं होतं की तुमच्या विषयावर कुणीतरी लिहायला हवं. रेग्यांनी ते मला वाचून दाखवलं, आधी जर्मनमध्ये, मग मराठीत. "भाषा बघा किती नेमकी आहे," म्हणाले.

ऑगस्टमध्ये दार उघडलं. मी त्यांना सोडायला गेलो होतो आणि तिथेच थांबलो. वीज कधीची तोडलेली, त्यामुळे आत तीन महिन्यांची कोंडलेली दमट गरमी होती. भिंतीवरच्या टॉवरच्या चित्राला काळी बुरशी धरली होती. कॉरिडॉरमध्ये माणसं उभी. कोर्टाच्या माणसाने कपाट उघडून दिलं आणि रेगे एकेक पासपोर्ट काढून नाव पुकारू लागले. पासपोर्टवर असेल तसं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. प्रत्येक जण पुढे यायचा, दोन्ही हातांनी घ्यायचा. मला एकदम पदवीदान समारंभ आठवला आणि मी तसं म्हणणारही होतो, पण त्या दिवशी देवाने मला अक्कल दिली.

मारिसेलचं नाव आलं. ती काळे कपडे घालून आली होती. आई मागच्याच आठवड्यात गेली होती. तिने पासपोर्ट घेतला आणि म्हणाली, "थँक यू, सर." रेगे खाली बघत राहिले. पुढचं नाव त्यांना जरा वेळाने वाचता आलं.

त्यांचं पाकीट सगळ्यात खाली होतं. पासपोर्ट निघाला, प्रमाणपत्र निघालं, मागच्या बाजूला मंत्रालयांचे, वकिलातींचे शिक्के दाटीवाटीने बसलेले, कडेला ओल आलेली. रेग्यांनी प्रमाणपत्र उलटसुलट पाहिलं आणि पाकिटात ठेवलं. गाडीत मी एसी मोठा केला. ते म्हणाले, "कलमातला तो शब्द नसता तरी चाललं असतं." मी विचारलं, कुठला शब्द? ते बाहेर बघत बसले.

सप्टेंबरात ते सगळे ठाण्याला निघाले. शारजा एअरपोर्टवर आम्ही दोघं सोडायला गेलो. वहिनी माधवीच्या गळ्यात पडून रडल्या, ईरा म्हणाली, "बाय आंटी, विल ईमेल यू." रेगे माझा हात हातात घेऊन जरा वेळ उभे राहिले. मी काहीतरी विनोद केला. काय केला ते आठवत नाही. तो चांगला नसणार.

काचेपलीकडे पासपोर्टची रांग दिसत होती. वहिनी पुढे गेल्या, ईरा गेली. मग रेगे. काउंटरवरच्या तरुण ऑफिसरने हात पुढे केला. रेग्यांनी पासपोर्ट पुढे धरला, आणि सोडला नाही. एक टोक ऑफिसरच्या हातात, एक रेग्यांच्या. ऑफिसर काहीतरी म्हणाला. रेगे तसेच उभे. मागची रांग वाकून बघायला लागली. शेवटी वहिनी परत आल्या, त्यांनी रेग्यांची बोटं एकेक करून सोडवली, लहान मुलाच्या मुठीतून काहीतरी काढून घ्यावं तशी. शिक्का बसला. रेगे आत गेले. मागे वळून पाहिलं नाही.

परत येताना मी गाडी चालवत होतो, माधवी शेजारी. तिने रेडिओ बंद केला. आमच्या बिल्डिंगखाली पार्किंगला जागा मिळाली, मी इंजिन बंद केलं, तरी ती उतरेना. समोर काचेतून बघत बसली होती.

मग म्हणाली, "अहो, आपले पासपोर्ट कुठे आहेत?"